हिमस्खलन आणि हिमवादळ : दोन संज्ञांतील भेद व त्यांचे अध्यापन

प्रास्ताविक

दर हिवाळ्यात काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश किंवा उत्तराखंड येथून बर्फातील दुर्घटनांच्या बातम्या येतात. त्या वाचताना एक गोष्ट लक्षात येते. एकाच घटनेला कोठे 'हिमस्खलन' म्हटलेले असते, कोठे 'हिमवादळ', तर कोठे 'हिमकडा कोसळला' असे छापलेले असते. उर्दू वृत्तपत्रांतही 'बर्फानी तूफान' आणि 'बर्फानी तोदा' हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात. वाचकाला मथळ्यावरून बर्फात माणसे दगावली एवढेच कळते. ती कशी दगावली आणि वाचू शकली असती की नाही, हे मात्र कळत नाही.

वस्तुतः या दोन स्वतंत्र नैसर्गिक घटना आहेत. त्यांची कारणे, त्यांची जागा आणि त्यांतून जीव वाचवण्याचे उपायही भिन्न आहेत. किंबहुना एकीत जो उपाय तारक ठरतो, तोच दुसरीत घातक ठरू शकतो. म्हणून हा प्रश्न केवळ शुद्ध शब्दयोजनेचा नाही.

सुरतेसारख्या शहरात या विषयाचे काय प्रयोजन, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. येथे बर्फ पडत नाही. परंतु येथील विद्यार्थी पुढे सैन्यात जातात, यात्रेला जातात, गिर्यारोहणाच्या शिबिरांना जातात आणि अलीकडे मोठ्या संख्येने कॅनडा-अमेरिकेसारख्या थंड देशांत जाण्याची स्वप्ने पाहतात. ज्याने बर्फ पाहिलेलाच नाही, त्याला तो कसा मारतो हे आधी सांगण्याची जबाबदारी शिक्षकावर येते. महाविद्यालयीन अध्यापकांना वर्गात उपयोगी पडेल अशा रीतीने हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दांचा विचार

गोंधळाचे मूळ बऱ्याच अंशी आपल्या भाषेत आहे. मराठीत 'बर्फ' हा एकच शब्द सरबतातील खड्याला, मासळीच्या पेटीतील लादीला आणि हिमालयात आकाशातून पडणाऱ्या पांढऱ्या भुशालाही लावला जातो. हा शब्द फारसीतून आला. फारसीत 'बर्फ' म्हणजे आकाशातून पडणारे हिम. गोठून कडक झालेल्या पाण्याला तेथे 'यख' असा निराळा शब्द आहे. उर्दू साहित्याच्या अभ्यासकांना 'यख-बस्ता' या प्रयोगावरून तो परिचित आहे. मराठीने 'बर्फ' घेतला, 'यख' घेतला नाही. त्यामुळे दोन्ही अर्थांचा भार एकाच शब्दावर पडला. परिणामी 'बर्फ पडला' असे म्हटले की आपला विद्यार्थी डोळ्यांपुढे गारांसारखे काहीतरी आणतो.

मराठीपाशी 'हिम' हा संस्कृतातून आलेला शब्दही आहे. 'हिंव' आणि 'हिवाळा' ही त्याचीच घरगुती रूपे होत. शास्त्रीय लेखनात आकाशातून पडणाऱ्या स्फटिकांना 'हिम' आणि गोठलेल्या घट्ट पाण्याला 'बर्फ' म्हणावे, म्हणजे अर्धा गोंधळ तेथेच संपतो.

आता जोडशब्द पाहू. 'हिमवादळ' यात मुख्य पद 'वादळ' आहे. वादळ म्हणजे वारा. ही हवेतील घटना होय. 'हिमस्खलन' यात मुख्य पद 'स्खलन' म्हणजे घसरणे. ही उतारावरील घटना होय. या दृष्टीने हिमस्खलनाचे नाते वादळाशी नसून 'भूस्खलना'शी आहे. पुणे जिल्ह्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी डोंगर खचून गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यापूर्वी मुसळधार पाऊस झाला होता. तरीही 'माळीणची माणसे पावसात गेली' असे कोणी म्हणत नाही. डोंगर खचला असेच आपण म्हणतो. हीच काटेकोर दृष्टी हिमाच्या बाबतीतही हवी.

उर्दूतील 'तोदा' म्हणजे ढीग. 'बर्फानी तोदा' हा शब्द उतारावरून कोसळणाऱ्या हिमाला लावतात, तसाच समुद्रात तरंगणाऱ्या हिमनगालाही लावतात. म्हणून उर्दूत शिकवताना 'तोदा गिरना' असा क्रियापदासह प्रयोग करणे श्रेयस्कर. घसरणे आणि कोसळणे हा अर्थ त्या क्रियापदातच आहे.

हिमवादळ म्हणजे काय ?

जोरदार वारा आणि हवेत उडणारे हिम यांच्या संयोगाला हिमवादळ म्हणतात. अमेरिकेच्या हवामान खात्याची व्याख्या नेमकी आहे : वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ५६ किलोमीटर किंवा अधिक, समोरचे दिसण्याचे अंतर सुमारे ४०० मीटरपेक्षा कमी, आणि ही स्थिती निदान ३ तास टिकलेली. या व्याख्येत किती हिम पडले याचा उल्लेखच नाही. नवे हिम न पडताही, जमिनीवर आधी पडलेले भुसभुशीत हिम वाऱ्याने उचलले तरी हिमवादळ होते. खानदेशात वैशाखात धुळीचे वादळ उठते तेव्हा आकाशातून धूळ पडत नसते, ती जमिनीवरचीच असते. तसाच हा प्रकार.

हिमवादळाला डोंगराची गरज नाही. सपाट मैदानावर ते अधिकच मोकळे सुटते. आपल्या हिमालयात हिवाळी हिमवृष्टी मुख्यतः पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावातांमुळे होते. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेल्या या प्रणाली इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान ओलांडून येतात आणि पर्वताला अडून हिम टाकतात. त्यांची चाहूल उपग्रहांवरून काही दिवस आधी लागते. म्हणून हिमवादळाचा अंदाज हवामान खाते देऊ शकते.

हिमवादळ माणसाला गाडून मारत नाही. ते त्याला भरकटवते, दमवते आणि गारठवते. वारा अंगाभोवतीचा उबदार हवेचा थर सतत हिरावून घेतो. तापमान उणे २० अंश असताना ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा वाहत असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे ३५ अंशांसारखे जाणवते. कपडे ओले झाले तर उष्णता आणखी वेगाने जाते. शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली उतरले की माणूस थरथरतो, मग त्याची बुद्धी मंदावते, तो चुकीचे निर्णय घेऊ लागतो. दिशा न दिसल्यामुळे तो आसऱ्यापासून काही पावलांवर असूनही कोसळतो.

याचा एक दाखला गुजरातचाच आहे. गांधीनगर जिल्ह्यातील डिंगुचा गावचे एक चौघांचे कुटुंब १९ जानेवारी २०२२ रोजी कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, एमर्सन गावाजवळ, अमेरिकेच्या सीमेपासून अवघ्या १२ मीटरांवर गोठून मृत अवस्थेत सापडले. आईवडील, अकरा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. दलालांच्या साखळीने त्यांना रात्रीच्या हिमवादळात, वाऱ्यासह उणे ३५ अंश जाणवणाऱ्या थंडीत, पायी सीमा ओलांडायला लावले होते. अमेरिकेतील मिनेसोटा येथील न्यायालयात नोव्हेंबर २०२४ मध्ये दोघांना या प्रकरणी दोषी ठरवण्यात आले. तो प्रदेश सपाट शेतजमिनीचा आहे. तेथे कोसळण्यासारखा डोंगर नाही. ते कुटुंब गेले ते वारा, अंधार आणि थंडी यांमुळे.

दुसरा दाखला अमरनाथ यात्रेचा. ऑगस्ट १९९६ मध्ये यात्रेच्या मार्गावर अवकाळी पाऊस व हिमवादळ होऊन २४० हून अधिक यात्रेकरू मृत्यू पावले. मृत्यूचे प्रमुख कारण थंडी आणि शारीरिक थकवा हेच होते. त्यानंतर नेमलेल्या नीतीश सेनगुप्ता समितीने यात्रेकरूंच्या संख्येवर मर्यादा आणि शारीरिक क्षमता यांसंबंधी शिफारशी केल्या. उपाय कोणते सुचवले गेले यावरूनही आपत्तीचे स्वरूप कळते.

हिमस्खलन म्हणजे काय ?

उतारावर साचलेला हिमाचा थर आपला आधार सोडून वेगाने खाली येतो, त्याला हिमस्खलन म्हणतात. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : उतार, साचलेले हिम आणि त्या हिमातील एखादा कच्चा थर.

बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. याहून सौम्य उतारावर हिम टिकते. याहून फार उभ्या कड्यावर ते मुळात साचतच नाही, थोडे थोडे गळून पडते. हिवाळाभर एकेका हिमवृष्टीचा एकेक थर बसत जातो. सगळे थर सारख्या ताकदीचे नसतात. मधला एखादा थर साखरेच्या दाण्यांसारखा मोकळा, एकमेकांना न धरणारा असतो. त्यावर नव्या हिमाचा जड पट्टा बसला की ताण वाढतो. रिंग रोडच्या कापडबाजारात ताग्यांच्या थप्पीत मध्ये एखादा गुळगुळीत पॉलिएस्टरचा तागा असेल आणि थप्पी कलली, तर वरचे सगळे तागे एकदम त्यावरून सरकतात. मोठी हिमस्खलने बहुधा अशीच, पट्ट्याच्या रूपाने सुटतात.

हा ताण अखेरीस मोडण्यास अनेक निमित्ते पुरतात : नव्या हिमाचे वजन, वाऱ्याने एका बाजूला आणून टाकलेले हिम, उन्हाने वा पावसाने आलेला ओलावा, भूकंपाचा धक्का, किंवा उतारावर चाललेल्या माणसाचे वजन. ओरडल्याने हिमस्खलन होते ही चित्रपटांनी रुजवलेली समजूत मात्र निराधार आहे. माणसाच्या आवाजात तेवढी शक्ती नसते.

कोरड्या हिमाचा पट्टा काही सेकंदांत ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. भुकटीसारख्या हिमाचे मोठे लोट ताशी ३०० किलोमीटरही गाठू शकतात. लोट थांबला की तेच हिम क्षणात सिमेंटसारखे घट्ट बसते आणि गाडल्या गेलेल्या माणसाला हातही हलवता येत नाही. बहुतेक मृत्यू गुदमरून होतात, काही आघाताने. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक वाचतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण झपाट्याने घसरते. म्हणून दूरवरून येणाऱ्या पथकापेक्षा शेजारी असलेला सोबतीच खरा तारणहार ठरतो. गिर्यारोहक संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडे जवळ बाळगतात ते याचसाठी.

सियाचीनमध्ये ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सुमारे १९,६०० फुटांवरील सोनम चौकीवर बर्फाची प्रचंड भिंत कोसळली आणि १० जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एक जवान होता. लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड हे सहा दिवसांनी जिवंत सापडले, परंतु ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांचे निधन झाले. उत्तराखंडात ४ ऑक्टोबर २०२२ रोजी 'द्रौपदी का डांडा' शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी हिमस्खलनात सापडले. २७ मृतदेह मिळाले आणि दोघे बेपत्ता राहिले. मृतांमध्ये त्याच वर्षी एव्हरेस्ट सर केलेल्या प्रशिक्षिका सविता कंसवाल होत्या. अनुभव आणि शारीरिक क्षमता हिमवादळात पुष्कळ कामी येतात. हिमस्खलनाच्या वाटेत उभ्या असलेल्या माणसाला त्यांचा उपयोग फार थोडा.

पाऊस आणि पूर : सुरतेचे उदाहरण

हा भेद सुरतेच्या विद्यार्थ्याला समजावण्यासाठी तापीच्या पुरासारखे उदाहरण नाही. ऑगस्ट २००६ मध्ये शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. हे पाणी केवळ शहरावर पडलेल्या पावसाचे नव्हते. वरच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशात आणि खानदेशात, पाऊस झाला; ते पाणी उकाई धरणात साठले आणि धरणातून मोठा विसर्ग झाल्यावर शहरात शिरले. पाऊस ही एक घटना, पूर ही दुसरी. एकीने दुसरीला पाणी पुरवले, परंतु दोन्हींची वेळ आणि जागा वेगळी.

हिमवादळ पावसाच्या जागी ठेवावे आणि हिमस्खलन पुराच्या जागी. हिमवादळ उतारावर साठा करते. तो साठा सुटतो तेव्हा हिमस्खलन होते. सुटण्याची वेळ वादळातच येईल असे नाही. वादळ ओसरल्यावर, लख्ख उन्हातही ती येऊ शकते. या उदाहरणाची मर्यादाही सांगितली पाहिजे : पुराची सूचना काही तास आधी मिळू शकते, हिमस्खलन सुटल्यावर काही सेकंदच हाती असतात.

दोन्ही घटना एकत्र येतात तेव्हा

व्यवहारात गोंधळ होतो तो या दोन घटना लागोपाठ घडतात म्हणून. फेब्रुवारी २००५ मध्ये काश्मीरमध्ये काही दिवस सतत हिमवृष्टी झाली. त्यातच, तेव्हाच्या अनंतनाग व आजच्या कुलगाम जिल्ह्यातील वाल्टेंगू येथे उतारावरील हिम वस्तीवर आले आणि दीडशेहून अधिक माणसे मरण पावली. लोक घरांतच होती. वादळापासून घराने त्यांना वाचवले होते. परंतु ते घर उताराच्या पायथ्याशी होते.

बंगालच्या उपसागरातील 'हुदहुद' चक्रीवादळ १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. त्याचे अवशेष उत्तरेकडे सरकले आणि १४ ऑक्टोबरला नेपाळच्या अन्नपूर्णा परिसरात, ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग खिंडीभोवती, त्यांनी हिमवादळाचे रूप घेतले. निदान ४३ जण दगावले. काही वाट चुकून थंडीने गेले, काही हिमस्खलनात गाडले गेले. एकच तारीख, एकच परिसर, पण मृत्यूची कारणे दोन.

अलीकडचे उदाहरण बद्रीनाथजवळील माणा गावाचे. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी रस्तेबांधणी कामगारांच्या तळावर हिमस्खलन झाले. ५४ कामगारांपैकी ४६ वाचले, ८ मृत्यू पावले. अनेकजण लोखंडी कंटेनरमध्ये होते, त्यामुळे आत हवा राहिली आणि त्यांना सुटकेपर्यंत तग धरता आला. आदल्या दिवशी या भागासाठी हिमस्खलनाचा इशारा देण्यात आला होता. हा इशारा हवामान खात्याच्या हिमवृष्टीच्या अंदाजाहून वेगळा असतो. मनालीत १९६९ मध्ये सुरू झालेली हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था हे काम करी. २०२० मध्ये तिचे विलीनीकरण होऊन चंडीगड येथील संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था अस्तित्वात आली आणि ते काम तिच्याकडे गेले. दोन घटनांसाठी देशाने दोन वेगळ्या यंत्रणा ठेवल्या आहेत.

येथे ७ फेब्रुवारी २०२१ च्या चमोली दुर्घटनेचाही उल्लेख हवा. ऋषीगंगेच्या लोंढ्यात दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. मराठी बातम्यांत 'हिमकडा कोसळला' असे आले, हिंदीत 'हिमनदी फुटली' अशा अर्थाचे. पुढील संशोधनात दिसले की रोंती शिखराच्या बाजूचा प्रचंड भाग सुटला होता आणि त्यात सुमारे ८० टक्के खडक व २० टक्के बर्फ होता. हे हिमवादळ नव्हते, आणि निव्वळ हिमाचे स्खलनही नव्हते. सकाळ उन्हाची होती.

भेद थोडक्यात

१. हिमवादळ ही हवेतील घटना; हिमस्खलन ही उतारावरील घटना.
२. हिमवादळ सपाट मैदानावरही होते; हिमस्खलनाला उतार अनिवार्य आहे.
३. हिमवादळ तासन् तास, कधी दिवसही चालते. हिमस्खलन सेकंद-मिनिटांत संपते.
४. हिमवादळाची चाहूल दिवसांआधी लागते. हिमस्खलनाचा धोका कोणत्या पट्ट्यात अधिक हे सांगता येते, नेमका क्षण सांगता येत नाही.
५. हिमवादळात मृत्यू थंडी, थकवा आणि वाट चुकणे यांमुळे येतो. हिमस्खलनात गुदमरून वा आघाताने.
६. हिमवादळात आसरा धरून थांबावे, गाडी वा तंबू सोडू नये, कोरडे राहावे, एकमेकांना सोडू नये. हिमस्खलनाच्या पट्ट्यात थांबू नये. उताराखालून एकेक करून, अंतर ठेवून निघून जावे, आणि कोणी गाडला गेला तर मदतीची वाट न पाहता ताबडतोब शोधून खणावे.

सहावा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. एकात 'थांबा' आणि दुसऱ्यात 'थांबू नका' असा आदेश आहे. म्हणून हिमवादळात आसरा शोधताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की आपल्या डोक्यावर उतार आहे काय ?

वर्गातील अध्यापनासाठी काही सूचना

सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजरातीबरोबरच मराठी, उर्दू, हिंदी अशा अनेक माध्यमांतून चालतात. तेथून आलेले विद्यार्थी महाविद्यालयात एकाच बाकावर बसतात. त्यांच्याकडून प्रथम आपापल्या भाषेतील बर्फ, हिम, गारा, दव यांचे शब्द फळ्यावर लिहून घ्यावेत आणि प्रत्येक शब्द नेमका कशाला लावतात ते विचारावे.

नंतर एक साधा प्रयोग करता येईल. एका फळीवर सँडपेपर चिकटवावा, त्यावर साखरेचा पातळ थर द्यावा आणि वर चाळलेल्या मैद्याचा जाड थर हलक्या हाताने दाबून बसवावा. फळीचे एक टोक सावकाश उचलत जावे. काही अंशांपर्यंत काहीच होत नाही. मग मैद्याचा थर तडकून एकदम सरकतो. कोनमापकाने कोन मोजावा. त्यानंतर सपाट ठेवलेल्या मैद्यावर पंख्याचा वारा सोडावा. पहिले हिमस्खलन, दुसरे हिमवादळ. मैदा एकच आहे, घटना दोन आहेत, हे विद्यार्थ्याला पाठ करावे लागत नाही.

भाषेच्या अध्यापकांनी वृत्तपत्रांतील जुनी कात्रणे देऊन 'येथे कोणता शब्द हवा होता आणि का ?' असा प्रश्न द्यावा. उत्तरासाठी विद्यार्थ्याला उतार होता का, वारा होता का, माणसे गाडली गेली की गारठली, हे बातमीतून शोधावे लागते. भाषा आणि भूगोल यांचे अध्यापन येथे आपोआप जोडले जाते.

समारोप

संज्ञा नेमकी असली की प्रश्न नेमका विचारता येतो. 'जवान हिमवादळात गेले' असे लिहिले की दोष हवेचा ठरतो आणि चौकशी तेथेच थांबते. 'हिमस्खलनात गेले' असे लिहिले की तळ उताराखाली का होता, इशारा पोहोचला होता काय, शोधयंत्रे जवळ होती काय, असे प्रश्न पुढे येतात. डिंगुचाच्या कुटुंबाबद्दलही 'बर्फात गेले' एवढेच म्हटले, तर त्यांना त्या रात्री त्या वाऱ्यात पायी कोणी सोडले हा प्रश्न झाकला जातो. आपले विद्यार्थी उद्या त्या थंड प्रदेशांत जाणार आहेत, कोणी गणवेशात, कोणी यात्रेकरू म्हणून, कोणी रोजगारासाठी. जाण्यापूर्वी हे दोन शब्द त्यांना त्यांच्या अर्थासह ठाऊक असावेत, एवढे तरी वर्गात होऊ शकते.